जुन्या मंडळाचा इतिहास कसा लिहावा : बडोद्यातील संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी

बडोद्यात मराठी माणसांनी उभ्या केलेल्या संस्थांची संख्या मोठी आहे. तालमी, भजनी मंडळे, वाचनालये, नाट्यमंडळे, गणेशोत्सव मंडळे, भगिनी मंडळे, ज्ञातिसंस्था, संगीताच्या बैठका भरवणारी छोटी मंडळे अशा अनेक प्रकारच्या या संस्थांपैकी काहींनी शंभरी ओलांडली आहे, तर काहींची पंचाहत्तरी जवळ आली आहे. अमृतमहोत्सव किंवा शताब्दी आली की कार्यकारिणीच्या सभेत स्मरणिका काढण्याचा ठराव होतो आणि संस्थेच्या इतिहासाचे प्रकरण लिहिण्याचे काम एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे, बँकेतून निवृत्त झालेल्या सभासदाकडे किंवा वाचनाची आवड असलेल्या तरुण कार्यकर्त्याकडे सोपवले जाते. ज्याच्याकडे हे काम आले आहे, त्याने ते कोणत्या क्रमाने आणि कसे करावे, हे पुढे सांगितले आहे.

बहुतेक जण सर्वप्रथम मागच्या महोत्सवाची स्मरणिका उघडतात आणि तिच्यातल्या मजकुरात अलीकडच्या वर्षांची भर घालून देतात. माझा आग्रह असा की स्मरणिका सर्वांत शेवटी उघडावी आणि सुरुवात हिशेबाच्या वहीपासून करावी. स्मरणिका पाहुण्यांच्या आणि देणगीदारांच्या हाती द्यायची असते; त्यामुळे तिच्यात संस्थापकांची छायाचित्रे, मान्यवरांचे शुभसंदेश आणि गाजलेल्या कार्यक्रमांची जंत्री असते. थकलेली वर्गणी, आयत्या वेळी रद्द झालेला नाटकाचा प्रयोग, दोन गटांतला वाद, भाड्याची जागा सोडावी लागल्यावर झालेली ओढाताण यांना तिथे जागा मिळत नाही. हिशेबाची वही मात्र सभेत कोणी विचारलेच तर कोषाध्यक्षाला उत्तर देता यावे, एवढ्याच हेतूने लिहिलेली असते. पुढे कोणी ती इतिहास म्हणून वाचेल, हे लिहिणाऱ्याच्या मनातही नसते, आणि म्हणूनच तिच्यावर अधिक विसंबता येते.

कागद कुठे असतात

संस्थेच्या कपाटात सगळे दप्तर सापडेल, अशी अपेक्षा ठेवू नये. चिटणीस बदलतो, नवा चिटणीस नवी वही घालतो आणि जुन्या वह्या जुन्या चिटणिसांच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत राहून जातात. म्हणून पहिले काम म्हणजे आजवरच्या सर्व अध्यक्षांची, चिटणिसांची आणि कोषाध्यक्षांची वर्षवार यादी करणे. ही नावे सभागृहातल्या फलकांवर, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांवर, समूह-छायाचित्रांच्या तळाशी आणि करंडकांवर कोरलेल्या अक्षरांत मिळतात. प्रत्येक नावापुढे आज त्या घरात कोण आहे आणि ते कुठे राहतात, हे लिहावे. यादी पुरी व्हायला बराच वेळ लागतो, कारण दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतली कितीतरी कुटुंबे आता कारेलीबाग, मांजलपूर किंवा त्याहूनही पुढे राहायला गेली आहेत. तरीही या यादीवाचून पुढचे काही करू नये.

ज्या घरांचा जुना वाडा विकला जाणार आहे किंवा पाडला जाणार आहे, तिथे सर्वांत आधी जावे. जुने कागद रद्दीत जातात ते बहुधा घर बदलण्याच्या त्या चार-आठ दिवसांत. जाताना त्या कुटुंबाच्या परिचयातल्या एखाद्या ज्येष्ठ सभासदाला सोबत न्यावे. पहिल्याच भेटीत कागद मागू नयेत. काय आहे ते पाहू द्यावे, एवढीच विनंती करावी. घरातच बसून मोबाईलवर पानांची छायाचित्रे घेता आली, तर वही बाहेर नेण्याची गरजही पडत नाही. न्यावीच लागली, तर वहीचे वर्णन, पानांची संख्या आणि परत करण्याची तारीख लिहून सहीनिशी पोच द्यावी व त्या तारखेला वही परत करावी. एका घरी दिलेला शब्द मोडला, तर पुढची दहा दारे बंद होतात.

विचारताना 'जुने कागद आहेत का' असे मोघम विचारू नये, कारण बहुतेकांचे उत्तर 'नाही' असेच येते. इतिवृत्ताची वही, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार हिशेबाची वही), पावतीपुस्तकांची स्थळप्रत (संस्थेकडे राहणारी प्रत), सभासदांची नोंदवही, छापील घटना (नियमावली), कार्यक्रमांची हस्तपत्रके, निमंत्रणपत्रिका, नाटकाच्या तालमीसाठी हाताने उतरवलेल्या नकला अशी एकेक वस्तू नाव घेऊन विचारावी. नाव ऐकल्यावर घरातल्या एखाद्या काकूंना किंवा आजींना ट्रंक आठवते.

हिशेबाची वही वाचताना

जुनी रोजकीर्द बहुतेक वेळा लाल कापडी बांधणीची आणि लांबट पानांची असते. माथ्यावर 'श्री', खाली तिथी आणि वार, डावीकडे जमा, उजवीकडे नावे (म्हणजे खर्च) आणि शेवटी शिल्लक. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचण्याचा प्रयत्न केला, तर चार दिवसांत कंटाळा येतो. त्याऐवजी दरवर्षीची भाद्रपदातली किंवा संस्थेचा मुख्य उत्सव ज्या महिन्यात असेल त्या महिन्याची पाने आधी काढावीत आणि दहा-पंधरा वर्षांची तीच पाने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. खर्च सर्वाधिक त्याच दिवसांत होतो आणि वर्षावर्षांतला फरक तिथेच उठून दिसतो.

उदाहरणार्थ, मांडव, गॅसबत्त्यांचे भाडे, तबलजीचे मानधन, कीर्तनकारांची बिदागी, टांगाभाडे, नारळ, पेढे, छपाई अशा बाबी ओळीने येतात. गॅसबत्त्यांचे भाडे कोणत्या वर्षी थांबले आणि विजेचे बिल कोणत्या वर्षी सुरू झाले, हे पाहिले की त्या पोळीत (जुन्या शहरातल्या गल्लीवजा वस्तीला इथे पोळ म्हणतात) विजेचे दिवे केव्हा आले, याचा अंदाज मिळतो. कीर्तनकारांच्या बिदागीसोबत रेल्वेचे भाडे लिहिलेले असेल, तर ते बाहेरगावचे होते. भाड्याच्या रकमेवरून ते पुण्याचे की नवसारीचे, याचाही तर्क करता येतो. छपाईच्या नोंदीत छापखान्याचे नाव असते आणि त्या छापखान्याच्या वारसांकडे कधी कधी हस्तपत्रकांचे नमुने राहिलेले असतात. तबलजीचे नाव एका वर्षी 'मानधन' म्हणून आणि पुढच्या वर्षी वर्गणीदारांच्या यादीत दिसले, तर बाहेरून बोलावलेला कलावंत मंडळाचा सभासद झाला, ही गोष्ट आपल्याला त्या दोन ओळी सांगतात. ती कोणत्याही स्मरणिकेत आलेली नसते.

जमेच्या बाजूकडेही तितक्याच बारकाईने पाहावे. वर्गणी कोणत्या पोळीतून आणि कोणत्या गल्लीतून आली, हे नकाशावर खुणा करून मांडले की मंडळाचा पसारा दिसतो. एका मोठ्या देणगीवर वर्षाचा खर्च भागला की शे-दीडशे घरांच्या आण्या-आण्याच्या वर्गणीवर, यावरून मंडळ कोणाच्या बळावर चालले होते, ते कळते. संस्थानी काळातल्या वहीत दरबारची मदत नोंदलेली असेल, तर ती कोणत्या वर्षी सुरू झाली आणि कोणत्या वर्षानंतर दिसेनाशी झाली, हे वेगळे टिपून ठेवावे.

तारखांच्या बाबतीत फार जपावे लागते. मराठी माणसाच्या हातच्या वहीत शालिवाहन शक असतो, तर गुजराती मुनिमाने लिहिलेल्या वहीत विक्रम संवत, आणि तेही कार्तिकात सुरू होणारे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. गुजरातच्या संवतातून दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६ वजा करावेत. म्हणजे शके १८५६ चा भाद्रपद आणि संवत १९९० चा भाद्रपद हे दोन्ही १९३४ सालचेच. गुजरातेत आणि महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपत असल्यामुळे महिन्याच्या नावात घोटाळा होत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या कागदांत मात्र वद्य पक्षातल्या नोंदींना पुढच्या महिन्याचे नाव असू शकते. याखेरीज बडोदे सरकारचे कामकाजाचे वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे असे. त्यामुळे सरकारी अहवालातले '१९१५-१६' आणि मंडळाच्या अहवालातले '१९१५-१६' हे एकच वर्ष आहे, असे गृहीत धरू नये.

पैशांचेही तसेच. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बडोद्यात संस्थानाचा स्वतःचा बाबाशाही रुपया चालत होता आणि त्यानंतर ब्रिटिश रुपया आला. रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे १२ पै हा हिशेब १ एप्रिल १९५७ पर्यंत होता. जुन्या रकमेची आजच्या भावात 'एवढे हजार' अशी किंमत काढण्याच्या मोहात पडू नये. त्याच वहीतल्या त्याच वर्षाच्या दुसऱ्या रकमेशी तुलना करावी: कीर्तनकारांची बिदागी किती जणांच्या वार्षिक वर्गणीएवढी होती, असे सांगितले की वाचकाला नेमके कळते.

काही वह्या मोडी लिपीत असतील. मोडी वाचणारे जाणकार बडोद्यात आजही आहेत. एका जाणकाराने वाचलेले दुसऱ्याकडून तपासून घ्यावे, विशेषतः माणसांची नावे आणि आकडे, कारण मोडीत आडनावे चुकीची लागण्याचा संभव असतो. शंका उरलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि ते छापतानाही काढू नये.

हिशेब वाचून झाल्यावर इतिवृत्ताकडे वळावे. आता ठरावांमागचा पैसा आपल्याला माहीत असतो, त्यामुळे इतिवृत्त वेगळ्या रीतीने वाचले जाते. 'स्वतःची वास्तू उभारण्यात यावी' असा ठराव लागोपाठ सहा वर्षे संमत झालेला दिसला, तर त्याचा अर्थ सहाही वर्षे वास्तूसाठी पैसे जमले नाहीत, असाच होतो. गणसंख्येअभावी तहकूब झालेल्या सभा, मध्येच बदललेले हस्ताक्षर, दोन सभांमधले वर्ष-वर्षाचे मौन या सगळ्यांची नोंद ठेवावी.

संस्थेबाहेरचे पुरावे

इथे इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहराचे उदाहरण घेतो. गुजरातेतून गेलेली अनेक कुटुंबे तिथे स्थायिक झाल्यामुळे हे नाव आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. लँकेशरमधल्या या गिरणगावात १ सप्टेंबर १८३२ रोजी जोसेफ लिव्हसी यांच्यासह सात जणांनी मद्य पूर्णपणे वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा केली आणि तिथून मद्यत्यागाची चळवळ इंग्लंडभर पसरली. पुढे १८६२ मध्ये हेन्री सॉली या धर्मोपदेशकाने कामगारांच्या क्लबांचा संघ स्थापन केला, तोही कामगाराला दारूच्या गुत्त्याऐवजी वाचनाची, व्याख्यानांची आणि निर्मळ करमणुकीची जागा मिळावी याच हेतूने. परंतु काही वर्षांतच त्या क्लबांमध्ये बिअर आली आणि बिअरची विक्री हाच बहुतेक क्लबांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार ठरला. संघाचे उद्देशपत्र वाचून त्या क्लबांचा इतिहास लिहिणाऱ्याला हे कळणार नाही. जमाखर्च पाहणाऱ्याला पहिल्या पानावरच कळेल. आपल्या मंडळाच्या घटनेतले पहिले कलम आणि त्याच वर्षाचा खर्च असेच समोरासमोर ठेवून पाहावेत.

प्रेस्टनमध्ये एखाद्या क्लबाचा इतिहास लिहिणाऱ्याला बाहेरची साधने सहज मिळतात. परगण्याचे अभिलेखागार त्याच शहरात आहे. नोंदणी झालेल्या क्लबांची नियमपुस्तके आणि वार्षिक विवरणे सरकारी निबंधकाकडे जात असत. लिव्हसी यांनी १८४४ मध्ये सुरू केलेल्या 'प्रेस्टन गार्डियन'सारख्या स्थानिक वृत्तपत्रांत सभांच्या बातम्या येत. आणि कोणत्या रस्त्यावर कोणत्या क्रमांकाच्या घरात कोण होते, हे सांगणाऱ्या छापील डिरेक्टऱ्या वर्षानुवर्षे निघत. आपल्याकडे तशा डिरेक्टऱ्या नाहीत, पण बाकीच्या साधनांना बडोद्यात जोड सापडते, आणि ती पुष्कळांना माहीत नसते.

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचे कार्यालय, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली चॅरिटी कमिशनरची कचेरी. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५० चा मुंबई सार्वजनिक न्यास कायदा इथेही लागू झाला. १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यावरही तो चालूच राहिला. या कायद्याखाली नोंदणी झालेल्या प्रत्येक संस्थेची फाईल तिथे असते. नोंदणीच्या वेळचा अर्ज, विश्वस्तांची नावे, मिळकतीचे वर्णन आणि विश्वस्त किंवा मिळकत बदलल्यावर कलम २२ खाली दिलेले बदल-अहवाल तिथून मिळतात. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करून, नोंदणी क्रमांक देऊन, नोंदवहीच्या उताऱ्याची प्रत मागावी. एखाद्या बदल-अहवालाला कोणी हरकत घेतलेली असेल, तर त्या हरकतीच्या कागदांत दोन्ही बाजूंचे म्हणणे सविस्तर आलेले असते. संस्थेतल्या जुन्या वादाची इतकी व्यवस्थित माहिती दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

संस्थानी काळासाठी गुजरात राज्य अभिलेखागाराची बडोद्यातली कचेरी, मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय ही तीन ठिकाणे आहेत. बडोदे राज्याचे छापील वार्षिक अहवाल पाहताना शिक्षण आणि ग्रंथालयांची प्रकरणे आधी पाहावीत. ज्यांची संस्था मुळात वाचनालय म्हणून सुरू झाली, त्यांनी ती तर जरूर पाहावीत, कारण १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभारले आणि त्याआधी मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळांच्या द्वारे गावोगाव वाचनालये काढली होती. दामोदर सावळाराम यंदे यांच्या 'श्रीसयाजीविजय'चे जे अंक मिळतील, त्यांतल्या स्थानिक बातम्या पाहाव्यात. बडोद्यात मराठी साहित्य संमेलन १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ या वर्षी भरले. त्या वर्षांच्या स्वागत समित्यांच्या आणि स्वयंसेवकांच्या याद्यांत आपल्या मंडळातली नावे शोधावीत. पुष्कळदा मंडळाच्या कार्यकर्त्यांची एक अख्खी पिढी तिथे एकत्र सापडते.

वास्तू स्वतःची असेल, तर सिटी सर्व्हेच्या कचेरीतून मिळकतीचा उतारा काढावा. भाड्याची असेल, तर घरमालकाकडच्या भाडेपावत्या पाहाव्यात.

माणसांशी बोलताना

ज्येष्ठ सभासदांना 'मंडळाबद्दल काही सांगा' असे म्हटले की ते भाषण करतात. त्यांच्यापुढे वस्तू ठेवावी. १९६० च्या सुमाराचे एखादे समूह-छायाचित्र पुढे ठेवून 'नाना, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे कोण?' असे विचारले की नाव निघते, नावावरून घर निघते आणि घरावरून एखादा प्रसंग. हिशेबातली नोंदही अशीच दाखवता येते: 'काका, त्या वर्षी नाटकाच्या पडद्यांवर एवढा खर्च झालेला दिसतो, तो कशासाठी?' या क्रमात हिशेब आधी आणि मुलाखत नंतर ठेवण्याचे कारण हेच, की प्रश्न नेमका असला तर उत्तरही नेमके येते.

ध्वनिमुद्रण परवानगी घेऊनच करावे, आणि ती परवानगी सुरुवातीलाच मुद्रणात बोलून घ्यावी. एका बैठकीत तासाभराहून जास्त बसू नये. ऐकून लिहून काढताना बडोद्याचे मराठी आहे तसे राहू द्यावे. आजींच्या बोलण्यात गुजराती शब्द आले, वाक्यरचना गुजरातीच्या वळणाची झाली, तर ती 'शुद्ध' करण्याचा आपल्याला अधिकार नाही. ते बोलणे हाच बडोद्यातल्या मराठी वस्तीचा एक पुरावा आहे. एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला 'ते असे म्हणाले' म्हणून सांगू नये. दोघांनी वेगवेगळे सांगितले, तर दोन्ही लिहून ठेवावे.

पदाधिकाऱ्यांपुरतेच थांबू नये. शिपाई, मांडव घालणारे, स्वयंपाकी, पडदे रंगवणारे, पेटी दुरुस्त करणारे यांच्या घरी गेल्याशिवाय मुलाखती पूर्ण झाल्या असे समजू नये. पंक्तीला किती पाने उठली, हे अध्यक्षांपेक्षा आचाऱ्याला अधिक नेमके आठवते.

दाराबाहेर राहिलेली माणसे

मंडळाच्या इतिहासात सर्वांत टाळला जाणारा प्रश्न म्हणजे मंडळात कोणाला प्रवेश नव्हता. मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो विचारल्याने संस्थेची बदनामी होते, असा अनेकांचा समज असतो, पण न विचारता लिहिलेला इतिहास अर्ध्याच गावाचा होतो.

प्रेस्टनमधला गोदी-कामगारांचा क्लब याचे ठळक उदाहरण आहे. क्लबांच्या संघाच्या नियमाप्रमाणे एका क्लबाच्या सभासदाला संघातल्या दुसऱ्या क्लबात पाहुणा म्हणून जाता येत असे. असा एक कृष्णवर्णीय सभासद प्रेस्टनच्या या क्लबात गेला असता त्याला बाहेर जाण्यास सांगण्यात आले. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७४ मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला; १९७६ च्या वंशसंबंध कायद्याने मात्र २५ किंवा त्याहून अधिक सभासदांच्या क्लबांना असा भेद करण्यास मनाई केली. स्त्रियांना याच संघात पूर्ण आणि समान सभासदत्व मिळायला २००७ साल उजाडावे लागले. प्रेस्टनच्या क्लबांचा आजचा कोणताही प्रामाणिक इतिहास हे वगळू शकत नाही.

बडोद्याला तर हा प्रश्न टाळताच येणार नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी याच शहरात आले. त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि ज्या पारशी वसतिगृहात ते नाव बदलून राहिले होते, तिथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. त्या वर्षी आपले मंडळ अस्तित्वात असेल, तर १९१७ ची सभासद-यादी काढून तिच्यात कोणत्या वस्तीतली आणि कोणत्या समाजातली नावे आहेत आणि कोणती नाहीत, हे पाहावे आणि जे दिसेल ते लिहावे. घटनेत 'सर्वांसाठी खुले' असे कलम असेल, तर आधी बाहेर राहिलेल्या समाजातल्या सभासदाची पहिली नोंद प्रत्यक्षात कोणत्या वर्षाची आहे, ते शोधावे.

स्त्रियांच्या बाबतीतही हीच पद्धत. महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच सुमारास आपल्या मंडळाच्या सभेत बायका कुठे बसत होत्या, त्यांना मत होते का, हळदीकुंकवाचा खर्च मंडळाच्या वहीत आहे की कोणा बाईंच्या स्वतःच्या पैशातून झाला, हेही सांगावे. कार्यकारिणीत पहिली स्त्री कोणत्या साली आली, हे इतिवृत्तावरून पाच मिनिटांत कळते, आणि स्मरणिकांत ते क्वचितच छापलेले असते.

लिहिताना

स्थापनेच्या तारखेवरून वाद होणारच. बहुतेक मंडळांना तीन तारखा असतात: चार मित्र पहिल्यांदा जमले तो दिवस, पहिले इतिवृत्त लिहिले तो दिवस आणि सरकारदरबारी नोंदणी झाली तो दिवस. यांतली एक निवडून बाकीच्या दडवू नयेत. तिन्ही द्याव्यात आणि प्रत्येकीचा पुरावा सांगावा. प्रेस्टन नॉर्थ एंड हा इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा १८८८-८९ सालचा पहिला विजेता संघ. तो क्रिकेटचा क्लब म्हणून १८६३ मध्ये सुरू झाला आणि फुटबॉलकडे १८८० मध्ये वळला. दोन्ही साले सांगितल्याने त्याचा मोठेपणा कमी झालेला नाही. आपल्याकडे जुम्मादादा व्यायाम मंदिराचे स्थापना-वर्षही १८८० च सांगितले जाते. तुमच्या मंडळाची सर्वांत जुनी मानलेली तारीख ऐकीव असेल, तर 'असे सांगितले जाते' हे शब्द वापरण्यात कमीपणा मानू नये.

प्रकरणे अध्यक्षांच्या कारकिर्दींनुसार पाडू नयेत. अध्यक्ष बदलला तरी मंडळ पुष्कळदा तसेच राहते. जागा बदलली, वर्गणीची पद्धत बदलली, मुख्य कार्यक्रम कीर्तनाकडून नाटकाकडे किंवा व्याख्यानमालेकडे गेला, तिथे प्रकरण बदलावे. शहराच्या इतिहासातले १९३९ मधले सयाजीराव महाराजांचे निधन, १९४९ चे विलीनीकरण आणि १९६० मधली गुजरात राज्याची स्थापना हे टप्पे मनात असावेत, पण त्या त्या वर्षी वहीत खरोखर काही बदललेले दिसले तरच ते मंडळाच्या कथेत आणावेत.

वादांबद्दल लिहिताना निर्णय नावानिशी लिहावा आणि आरोप लिहू नये. कोणत्या सभेत कोणता ठराव किती मतांनी संमत झाला, कोणी राजीनामा दिला, त्यानंतर वर्गणीदार किती उरले, एवढे पुरेसे असते. हयात व्यक्तींबद्दलचा मजकूर छापण्यापूर्वी त्यांना दाखवावा. त्यांची दुरुस्ती पटली तर करावी, न पटली तर त्यांचे म्हणणे शेजारी द्यावे. प्रत्येक विधान कोणत्या वहीच्या कोणत्या पानावरून घेतले, हे आपल्या टाचणात लिहिलेले असावे, म्हणजे छापल्यानंतर कोणी विचारले तर पान उघडून दाखवता येते. आता स्मरणिका उघडावी. तिच्यात आणि आपल्या मजकुरात जिथे फरक पडतो, ती सर्व ठिकाणे पुन्हा तपासावीत. काही वेळा स्मरणिकाच बरोबर निघते, कारण ती लिहिणाऱ्याने आज हरवलेली एखादी वही पाहिलेली असते.

कागदांचे पुढे काय

लिखाण छापून झाले की कागद पुन्हा विखुरतात, म्हणून त्यांची व्यवस्था आधीच ठरवावी. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर करूच नये. दोन्हींमुळे काही वर्षांत कागद कायमचा बिघडतो. वह्या तळमजल्यावर ठेवू नयेत. १९२७ च्या आणि अगदी अलीकडच्या २०२४ च्या पुराने विश्वामित्री नदीचे पाणी कुठवर येते, हे बडोद्याला दाखवले आहे. वही भिजलीच, तर पाने ओढून सोडवू नयेत आणि ती उन्हात टाकू नये. पानांमध्ये टिपकागद घालून, ते वारंवार बदलत, पंख्याखाली सावकाश वाळवावी.

छायाचित्रित पानांना वर्ष, वहीचा प्रकार आणि पान क्रमांक अशी नावे द्यावीत आणि त्यांच्या तीन प्रती कराव्यात: एक संस्थेत, एक संस्थेबाहेरच्या जबाबदार सभासदाकडे आणि एक शहरातल्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाने स्वीकारली तर तिथे. सर्व वह्यांची आणि फायलींची सूची करून ती पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावी आणि नवा चिटणीस जुन्याकडून कार्यभार घेताना शिलकेच्या आकड्याबरोबर या सूचीवरही सही करील, असा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.